पडसे, पीनस आणि माजघरातील वैद्यक

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस वसलेल्या आपल्या मुलखात पावसाळा ओसरून हवा कोरडी होऊ लागली, किंवा पौषातल्या दहिवरानंतर फाल्गुनाचे ऊन एकाएकी तापू लागले, की घरोघर नाके वाहू लागतात. आणि ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु साधे पडसे म्हणून जे आपण सोडून देतो, ते चार-आठ दिवसांत न ओसरता भुवयांच्या वर, डोळ्यांच्या खोबणीमागे आणि गालफडांच्या हाडांत ठाण देऊन बसते, खाली वाकताच कपाळ फुटेलसे वाटते, वरच्या दाढा किडलेल्या नसताही ठणकू लागतात, अन्नाची चव जाते आणि रात्री पाठ टेकली की नाक पुरते चोंदून श्वासासाठी तोंड उघडावे लागते, तेव्हा त्या माणसास आराम पडावा म्हणून पिढ्यान् पिढ्या ज्या युक्त्या योजल्या गेल्या, त्यांचा वृत्तान्त हा आपल्या सामाजिक इतिहासाचा एक भरीव अध्याय आहे. आज ज्यास सर्वजण सायनसचा विकार म्हणतात, त्यालाच मागच्या पिढ्या कधी पीनस, कधी सूर्यावर्त, तर कधी नुसते डोके भणभणणे म्हणत असत. व्यथा मात्र तीच होती.

या युक्त्यांविषयी दोन समज आपल्यात सारख्याच बळाने नांदतात. एक असा की, माजघरातली ही चिकित्सा ऋषिमुनींच्या काळापासून जशीच्या तशी चालत आली असून तिच्यात काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही. आणि दुसरा असा की, ती निरक्षर बायकांनी अंदाजाने चालविलेली, शास्त्राचा आधार नसलेली खटपट होय. उपलब्ध साधनांची नीट रुजवात घालून पाहिली असता हे दोन्ही समज टिकत नाहीत. या वैद्यकाने संहितांकडून घेतले, बंदरांत उतरलेल्या मालातून घेतले, हकिमांच्या नुस्ख्यांतून घेतले, आणि पुढे बाटल्यांतून व डब्यांतून आलेल्या विलायती अर्कांतूनही घेतले. आणि जे जे घेतले ते आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या अनुभवाने पारखून, उपयोगी वाटले तेवढे ठेवून, बाकीचे निमूटपणे टाकून दिले. ही परंपरा टिकली ती या पारखीच्या बळावर, असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत लेख त्याच मताच्या पुष्ट्यर्थ लिहिला आहे.

ग्रंथांचा पुरावा प्रथम पाहू. नाक हे मस्तकाचे द्वार होय अशी आपल्या प्राचीन वैद्यांची धारणा होती, आणि ज्या द्वाराशी दोष साचतो त्याच द्वाराने औषध आत पोचवावे हा त्यांच्या नस्यचिकित्सेचा पाया होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोग, प्रतिश्याय म्हणजे पडसे, आणि शिरोरोग यांचा स्वतंत्र विचार केलेला असून, तेथे अकरा प्रकारचे शिरोरोग सांगताना सूर्यावर्त नावाच्या विकाराचे जे वर्णन येते ते आजच्या डॉक्टरासही विचार करावयास लावणारे आहे. सूर्योदयाबरोबर डोळे व भुवया यांच्या ठिकाणी मंद वेदना सुरू होते, सूर्य जसजसा वर चढतो तसतशी ती वाढत जाते, आणि सूर्य उतरणीस लागला की तीही उतरते, असा त्याचा आशय आहे. कपाळाच्या हाडातील पोकळी सुजली असता जी डोकेदुखी होते, तीही पुष्कळदा सकाळी सुरू होऊन मध्यान्हीस शिगेला पोचते व तिसऱ्या प्रहरानंतर सैल पडते. संहिताकारांनी कारण दोषांच्या परिभाषेत सांगितले, अर्वाचीन शास्त्र ते स्राव साचण्याच्या व निचरा होण्याच्या परिभाषेत सांगते. निरीक्षण मात्र दोघांचेही तितकेच बारकाईचे आहे. सूर्य उगवण्यापूर्वी आजाऱ्यास ऊन दुधाबरोबर जिलेबी खाऊ घालण्याचा जो प्रघात अर्धशिशीवरचा उपाय म्हणून आपल्याकडे अद्याप ऐकू येतो, त्याच्या मुळाशीही वेदना सूर्याबरोबर चढते हीच जाणीव असली पाहिजे.

प्रतिश्यायाच्या रोग्याने वारा नसलेल्या जागी राहावे, डोक्यास जाड व ऊबदार वस्त्र गुंडाळावे, आहार हलका व उष्ण घ्यावा, ही सुश्रुताची पथ्ये आणि आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांची शिस्त यांत तिळाएवढाही फरक आढळत नाही. कानटोपी, कानांवरून आवळून बांधलेले उपरणे, खिडकीच्या फटीत खुपसलेली चिंधी, रात्री दह्याची मनाई, आणि जेवणास मुगाच्या डाळीची ऊन खिचडी किंवा लसणीची फोडणी दिलेले कुळथाचे कढण, हे सारे त्या पथ्यांचेच मराठी रूप होय. परंतु जेथे ग्रंथाचा विधी खर्चिक वा किचकट होता तेथे घराने त्यास सरळ कात्री लावली. चरकाने सूत्रस्थानात सांगितलेले अणुतैल सिद्ध करण्यासाठी अनेक वनस्पती पावसाच्या शुद्ध पाण्यात उकळून त्यांच्या काढ्याबरोबर तिळाचे तेल दहा वेळा आटवावे लागते आणि शेवटच्या खेपेस त्यात शेळीचे दूध घालावे लागते. एवढा खटाटोप राजवाड्यातील वैद्याने करावा. शेतकऱ्याच्या घरी गाईचे जुने तूप पळीत कोमट करून त्याचे दोन थेंब नाकपुडीत सोडण्यावर भागविले जाई. नस्याचे तत्त्व राहिले, तंत्र मात्र चुलीच्या बेताचे झाले.

लेपाची हकीकत याहून उद्बोधक आहे, कारण ती अद्यापही डोळ्यांनी पाहता येते. देवघरातली चंदनाची सहाण निराळी आणि औषधाची निराळी. ही दुसरी सहाण बहुधा बाळगुटीच्या वेळी घरात आलेली असे, आणि तिच्याबरोबर एका पिशवीत सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग असा सरंजाम असे. डोके धरले की सुंठेचा कुडा पाण्याच्या चार थेंबांवर फिरवावयास घ्यावयाचा; पहिला रस पातळ व मातकट येतो, तो टाकून न देता त्यातच घासत राहिले म्हणजे हळूहळू करडा, दाट लेप जमू लागतो व त्याचा तिखट वास नाकात भरतो. मग त्यात वेखंडाचे पाच-सात वळसे, कोणाच्या घरी आंबेहळदीचे तेवढेच. हा लेप पळीत किंचित कढवून, बोटाच्या टोकाने आपल्या मनगटावर ऊब पाहून, भुवयांच्या वर, कानशिलांवर व नाकाच्या दोन्ही बाजूंस डोळे सांभाळून लावीत. प्रथम गारवा, मग चुणचुण, मग कातडीखाली पसरत जाणारी ऊब, आणि लेप वाळून ताणू लागला की आजाऱ्याचे लक्ष आतल्या ठणक्यावरून उडे. किती वळसे घासावयाचे, मुलास किती व मोठ्यास किती, कातडी लाल झाली तर लेप केव्हा काढावयाचा, हे प्रमाण कोठेही लिहिलेले नव्हते. ते लेकीसुनांच्या हातांत उतरत गेले.

या सहाणेवरची द्रव्ये गावच्या शिवारातच उगवत असे मानण्याचे कारण नाही. साताऱ्याकडे आले व हळद मुबलक पिकत असली, तरी मलबारची सुंठ, पूर्वेकडील बेटांतून येणारे जायफळ व लवंग हा सारा किनाऱ्यावरच्या बंदरांतून जकात भरून घाटमाथ्यावर चढणारा माल होता. गोव्यात या मालाचा अभ्यास करणारा पहिला मोठा युरोपीय वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज पंडित १५३४ साली हिंदुस्थानात आला, पोर्तुगीज सत्तेकडून मुंबई बेटाचा पट्टा त्यास मिळाला, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात आल्याचा जसा विचार आहे तसाच वेखंडाचाही आहे. पुढे सतराव्या शतकात कोचीनच्या डच अंमलदाराने, हेन्द्रिक व्हान रेडे याने, मलबारातील वनस्पतींचा जो बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी भाषक वैद्यांचे साह्य झाले असून, १६७८ च्या पहिल्या खंडात त्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. गोमंतकातून देशांतर केलेल्या समाजाचे औषधिज्ञान ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यापर्यंत पोचले, ही गोष्ट आपल्या इतिहासात जितक्या अभिमानाने सांगावयास हवी तितकी सांगितली जात नाही.

वाफारा हा या सर्व उपचारांचा मुकुटमणी. तपेल्यात पाणी घालून त्यात ओवा, तुळशीची पाने, गवती चहाची पात आणि मिळाल्यास निर्गुडीचा पाला टाकीत, उकळी फुटली की तपेले उतरवून जमिनीवर भक्कम बसवीत, समोर पाटावर आजाऱ्यास बसवून डोक्यावरून घोंगडी सोडीत. वाफेचा पहिला लोट अंगावर घ्यावयाचा नाही, तो घोंगडीच्या कडेने जाऊ द्यावयाचा. डोळे मिटून श्वास नाकाने आत व तोंडाने बाहेर टाकावयाचा. घाम फुटला की तपेले आधी दूर सारून मगच घोंगडी काढावयाची, आणि कोरड्या पंचाने तोंड पुसून माणसास वाऱ्यात जाऊ द्यावयाचे नाही. ज्यास एवढे सोसत नसे त्याला तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगावयास देत. तान्ह्या मुलाच्या खोलीत निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा व लसणीची साले यांची धुरी फिरवीत. आणि कोठे कोठे निर्गुडीचा पाला भरलेली उशी डोक्याखाली देत. ओव्याच्या वासात जे तीक्ष्ण सत्त्व असते, त्याचेच स्फटिक ओव्याचे फूल या नावाने पुढे बाजारात मिळू लागले. ते, कापूर आणि पुदिन्याचे फूल, ही तीन घन द्रव्ये एका बाटलीत घालून हलविली असता विस्तवावाचून त्यांचे पाणी होते. हे मिश्रण अमृतधारा या नावाने विसाव्या शतकात घरोघर पोचले आणि त्याचे चार थेंब वाफाऱ्याच्या पाण्यात पडू लागले.

बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू हितकरच ठरली असे मात्र नाही, आणि याचे ठळक उदाहरण म्हणजे तपकीर. शिंका काढून मस्तक मोकळे करण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच होती. कायफळाची पूड, नाकशिंकणीचा पाला, मिरी व पिंपळी यांचा त्याकामी उपयोग होत असे. पोर्तुगिजांनी तंबाखू आणली, विजापूरच्या दरबारात ती रुळली, आणि १६०४ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने ती तेथून अकबर बादशहाकडे नजर म्हणून नेली. तिकडे युरोपात लिस्बनच्या दरबारी असलेला फ्रान्सचा वकील जाँ निको याने १५६० च्या सुमारास आपल्या राजघराण्याकडे तंबाखू पाठविली, ती डोकेदुखीवरचे औषध म्हणूनच, असे सांगतात. औषधाच्या परवान्यावर आत शिरलेली ही पूड लवकरच व्यसन होऊन बसली; शास्त्रीपंडितांच्या बैठकीत पितळी वा चांदीच्या डब्या फिरू लागल्या, आणि डोक्यास उतार पडावा म्हणून ओढलेली चिमूट नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेस कायमची दाहक ठरली. घरच्या वैद्यकाने तपकिरीस पुरुषांच्या ओसरीवर व म्हाताऱ्यांच्या कनवटीस मोकळीक दिली, पण मुलाबाळांच्या औषधांत तिला सहसा थारा दिला नाही. पारख होती ती अशी.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल असल्यामुळे तेथील उपचारांवर युनानीची छाप अधिक आहे. नजला आणि जुकाम या नावांनी हकीम ज्या विकारांचा विचार करीत, त्यांवरचा त्यांचा मुख्य उपाय जोशांदा. त्यात बनफशाची फुले, उन्नाब, सपिस्तान, खतमी, ज्येष्ठमध इत्यादी द्रव्ये घालून काढा करीत व तो खडीसाखरेने गोड करून ऊन ऊन पाजीत. औरंगाबादेच्या बाजारातून हा नुस्खा हिंदू घरांच्या चुलीवर सहज जाऊन बसला, आणि तेथे त्यास तुळस व आल्याची जोड मिळाली. औषधाच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी पंथाची चौकशी केलेली दिसत नाही. गुण येतो की नाही एवढेच पाहिले.

आता राज्यव्यवहाराकडे वळू. पेशवाईत वैद्यांस व हकिमांस, त्यांनी रयतेस औषध द्यावे म्हणून, इनाम जमिनी व नेमणुका दिल्याचे दाखले दप्तरात सापडतात. या सनदांत वैद्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे, जमिनीचे मोजमाप आहे. परंतु त्याच गावात मध्यरात्री उठून पाणी उकळणारीचे नाव असण्याचे कारण नव्हते, कारण तिच्या कामास वेतन नव्हते आणि म्हणून हिशेबही नव्हता. इंग्रजी अमलात मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी डॉ. भाऊ दाजी यांनी देशी औषधींकडे आस्थेने पाहिले, आणि मुंबईच्या सरकारी औषधभांडाराशी संबंध असलेले विल्यम डिमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील बाजारी औषधींची देशी नावांसह पद्धतशीर नोंद करून ती आपल्या सहकाऱ्यांच्या साह्याने १८८९ ते १८९३ च्या दरम्यान मोठ्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच सुमारास स्वदेशी बाजूनेही जाग आली. पनवेलीस १८७२ साली धूतपापेश्वर औषधी कारखाना निघून काढे व आसवे बाटलीत भरून दूरदूर जाऊ लागली; शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आर्यभिषक्‌सारख्या ग्रंथांतून औषधिज्ञान सामान्य वाचकाच्या हाती दिले व १९०७ साली नाशकास वैद्यांचे संमेलन भरविले. १९३८ च्या मुंबई इलाख्यातील कायद्याने वैद्यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. या सर्व हालचालींत वैद्यक जसजसे कागदावर चढत गेले, तसतसे माजघर त्या कागदाबाहेर राहत गेले.

कागदाबाहेर राहूनही ते नव्यास पाठ दाखवीत नव्हते. ऑस्ट्रेलियातील एक उंच वृक्ष १८४३ च्या सुमारास दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर लावला गेला, तिकडे व्हिक्टोरिया वसाहतीत १८५२ पासून त्याच्या पानांचे तेल व्यापारासाठी गाळले जाऊ लागले, आणि दोन-तीन पिढ्यांच्या आत ते निलगिरीचे तेल म्हणून आपल्या घरांतील ताकात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, असे काही ठाण मांडून बसले की त्यास परदेशी म्हणणे कोणास सुचेना. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनी अमृतांजन हे मलम काढले. संगीताच्या जलशांत ते फुकट वाटून त्यांनी त्याचा प्रसार केला, असे सांगतात, आणि त्याच्या उत्पन्नावर १९०८ साली मुंबईतूनच तेलुगू भाषेतील आंध्रपत्रिका हे नियतकालिक सुरू केले. कपाळावर चोळण्याच्या एका पिवळ्या मलमाने एका भाषेच्या वृत्तपत्रास आधार द्यावा, ही मुंबई शहराच्या इतिहासातील एक मोठी सुंदर घटना आहे. चाळीच्या एका खोलीत, जेथे सहाण ठेवावयास जागा नव्हती आणि पहाटे गिरणीचा भोंगा होताच कामावर जावे लागे, तेथे मलमाची डबी ही सोय होती. उगाळण्याचा वेळ ज्यांना परवडत नव्हता त्यांनी ती स्वीकारली, यात नवल नाही.

योगशास्त्राकडूनही या चिकित्सेस एक मोलाची देणगी मिळाली. हठप्रदीपिकेत षट्कर्मांपैकी नेती म्हणून जी क्रिया सांगितली आहे, ती सुताची असून एका नाकपुडीतून घातलेले स्निग्ध सूत तोंडावाटे काढावयाचे असते. ती गृहस्थास सुलभ नाही. नळी असलेल्या लहान झारीने मिठाचे कोमट पाणी एका नाकपुडीत सोडून दुसरीने वाहू देण्याची जलनेती सामान्य माणसापर्यंत पोचली ती प्रामुख्याने विसाव्या शतकातील योगसंस्थांच्या द्वारे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगमीमांसा हे नियतकालिक काढले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा जो मार्ग घालून दिला, त्यामुळे अशा क्रियांकडे गूढ विद्या म्हणून न पाहता स्वास्थ्याचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात वाढली. अर्वाचीन तज्ज्ञही नाक मिठाच्या पाण्याने धुणे हितावह मानतात, आणि ते पाणी उकळून निववलेलेच असावे असा कटाक्ष बाळगतात, कारण कच्च्या पाण्यातील सूक्ष्म जंतू क्वचित् नाकावाटे मेंदूपर्यंत पोचून प्राणघातक ठरल्याची उदाहरणे आहेत.

पाश्चात्त्य शास्त्राने या व्यथेचे जे उकलन केले, त्याचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. गालाच्या हाडातील पोकळीचे सविस्तर वर्णन इंग्लंडातील नॅथानिएल हायमोर याने १६५१ साली केले. त्या पोकळीचे नाकात उघडणारे छिद्र तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूस आहे, त्यामुळे माणूस उभा असता तिच्यातला स्राव आपोआप वाहून जात नाही. आतल्या त्वचेवरील अतिसूक्ष्म केस त्यास वर ढकलीत नेतात, आणि सुजेने छिद्र बुजले व केसांचे काम मंदावले की स्राव कोंडून ठणका लागतो. १८९३ साली न्यूयॉर्कचे कॉल्डवेल व १८९७ साली पॅरिसचे ल्यूक यांनी ओठाखालून हाड कोरून ही पोकळी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. पुढे पेनिसिलिनाचा उदय झाला, आणि स्वतंत्र भारतात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस त्याच्या उत्पादनासाठी सरकारी कारखाना स्थापन झाला. ज्या पूमुळे एके काळी डोळा वा मेंदू गमावण्याची पाळी येई, त्यावर खात्रीचा इलाज हाती आला. या उपकारापुढे कोणत्याही परंपरेने नम्र व्हावे.

तेव्हा घरच्या उपचारांची खरी किंमत काय, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर प्रांजळपणे दिले पाहिजे. नाकाच्या पोकळ्यांचे बहुतेक तीव्र विकार पडशाच्या विषाणूंनीच होतात आणि आठ-दहा दिवसांत आपले आपण ओसरतात; त्यामुळे पाचव्या दिवशी केलेल्या वाफाऱ्यास सातव्या दिवसाच्या उताराचे श्रेय मिळाले, असे पुष्कळदा घडले असेल. वाफेने दुखणे लवकर बरे होते असा भक्कम पुरावा नाही, तिने घटकाभर सुख वाटते एवढे खरे. पुदिन्याच्या फुलाने नाक उघडत नाही, गारव्याच्या संवेदनेमुळे ते उघडल्याचा भास होतो. आणि तान्ह्याच्या नाकात तूप वा तेल घालण्याची रीत तर सोडूनच दिली पाहिजे, कारण ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे. उकळत्या तपेल्याने मुले भाजल्याचे प्रकारही घडतात. डोळ्याभोवती सूज आली, दृष्टी अंधुक झाली, मान ताठरली, ताप चढत गेला, किंवा बरे वाटू लागलेले दुखणे पुन्हा उलटले, तर सहाण बाजूस ठेवून दवाखाना गाठावा, यात परंपरेचा काही अपमान होत नाही.

मात्र एवढे मान्य केल्यावरही एक मोठी गोष्ट शिल्लक राहते. रोग आपल्या गतीने बरा होईपर्यंतचे ते आठ-दहा दिवस कसे काढावयाचे, हा प्रश्न कोणत्याही शस्त्रक्रियेने सुटत नाही, आणि माजघरातील वैद्यकाने नेमका तोच हाती घेतला होता. उकळी, ऊब, हलके अन्न, बंद खिडकी, आणि दर दोन घटकांनी कपाळावर येऊन पाहणारा हात, यांनी आजाऱ्यास विसावा व धीर मिळे. आणि त्या देखरेखीमुळेच दुखणे नेहमीच्या वळणाने जात नाही हे घरात वेळीच ओळखू येई. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेताना हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला, आणि आपल्या समाजाची या विषयातील जुनी विद्या अभ्यासास योग्य आहे हे दाखविले. पडशापीनसासारख्या क्षुद्र मानल्या गेलेल्या व्यथांच्या वाट्यास असे अभ्यासक आले नाहीत.

ही उणीव भरून काढण्यास अद्याप अवसर आहे. जिल्ह्याजिल्ह्यातील आयुर्वेद महाविद्यालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि स्थानिक इतिहास मंडळे यांनी एकत्र येऊन, वयोवृद्ध स्त्रियांकडून या उपचारांची रीतसर टिपणे घ्यावीत. द्रव्य कोणते, ते कोठून येई, किती घेत, कोणत्या ऋतूत देत, कोणास देत नसत, हे सारे सांगणारीच्या नावासह लिहावे. पेशव्यांच्या दप्तरखान्याने वैद्याच्या इनामाची बिघा-पांडाने नोंद ठेवली. या स्त्रियांच्या विद्येस तेवढी तरी काटेकोर नोंद मिळणे हा न्यायाचा भाग आहे. आणि या टिपणांत गुण आलेल्या प्रसंगांबरोबरच, उपाय फसून रोगी हातचा गेला ते प्रसंगही त्याच निष्ठेने उतरवावेत; कारण ज्या विद्येस आपल्या अपयशांचा हिशेब देता येतो, तीच पुढच्या पिढीच्या विश्वासास पात्र ठरते.